पाकीट क्रमांक एकोणतीस

कपडे धुण्याचं मशीन बाथरूमच्या दारातून आत जाईना. दोन बोटांचा फरक होता. उभं धरून झालं, तिरकं करून झालं, दाराची कडी काढून झाली. शेवटी ते वर घेऊन आलेल्या दोघा हमालांनी बाहेरच्या खोलीत, पुस्तकांच्या दोन कपाटांच्या मधोमध ते टेकवलं आणि घाम पुसत ते निघून गेले. त्याला आज एकोणीस दिवस झाले. मशीन अजून तिथंच होतं. फरक एवढाच, की आलं तेव्हा ते एक मशीन होतं आणि आता त्याच्या एकशे त्रेचाळीस वस्तू झाल्या होत्या.

वस्तूंचा हा आकडा अगदी बरोबर होता, कारण तो ग्रंथपालांनी स्वतः वहीत लिहिला होता. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी सगळी वस्ती त्यांना ग्रंथपालच म्हणे. चौतीस वर्षं कॉलेजच्या लायब्ररीत काढलेला हा माणूस, घरात कधी खिळा ठोकायची वेळ आली तर आधी त्यावर एखादं पुस्तक मिळतंय का ते बघायचा, आणि पुस्तक वाचून होईपर्यंत बायकोने खिळा ठोकलेला असायचा. बायको ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. तिलाही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ती अजूनही सगळ्यांची सिस्टर होती.

अशा माणसाने चाळीस वर्षांपूर्वीचं, बंद पडलेल्या कंपनीचं मशीन दुरुस्त करायला घरी आणावं, हे ऐकून वस्तीतले लोक हसले होते. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं होतं, ‘अहो, तुम्ही असं बोललातच कसं?’

ग्रंथपालांनाही तेच कोडं पडलं होतं. मशीन त्यांच्या वहिनीचं. थोरल्या भावाचं लग्न झालं तेव्हा ग्रंथपाल नऊ वर्षांचे होते आणि आई जाऊन सहा महिने झाले होते. पुढचं त्यांचं सगळं वहिनीनेच केलं. आता भाऊ नव्हता. वहिनी ब्याऐंशीची होती, आपल्या घरी एकटी राहत होती आणि तिला नजरेच्या मधोमध सगळं धुरकट दिसायचं. कडेकडेचं तेवढं दिसे. तरी तिचं काही अडत नव्हतं, कारण घरातली प्रत्येक वस्तू तिच्या हाताला पाठ होती. मशीनही. दोन टबांचं ते जुनं मशीन, एकात धुवायचं, दुसऱ्यात पिळायचं. बटण फिरवलं की टक टक वाजायचं. तीन टक म्हणजे रोजचे कपडे, पाच टक म्हणजे चादरी. डोळ्यांचं कामच नव्हतं.

ते मशीन महिन्यापूर्वी अचानक बंद पडलं. नुसतं घूं करायचं, फिरायचं नाही. दोन मेकॅनिक येऊन हात न लावता गेले, याचे पार्ट मिळत नाहीत म्हणाले. मग वहिनीने कुणाला न सांगता चादरी हाताने धुवायला घेतल्या, आणि तिसऱ्या दिवशी साबणाच्या पाण्यावरून पाय घसरून पडली. मनगट मुरगळलं, कंबर काळीनिळी झाली.

तिची मुलगी, म्हणजे ग्रंथपालांची पुतणी, दुसऱ्या गावात बँकेत होती. दर शनिवारी आईकडे यायची ती आठवड्याचे कपडे पिशवीत घालूनच, कारण तिच्या घरच्या नव्या मशीनला एका धुण्याला दोन तास लागत. आईच्या मशीनमध्ये अर्ध्या तासात सगळं आटपायचं. ती आता रजा घेऊन येऊन राहिली. तिने आधी नवं मशीन आणून देते म्हणून पाहिलं. पण नव्या मशीनला बटणंच नव्हती, गुळगुळीत काच होती, आणि त्या काचेवर बोट फिरवून वहिनी म्हणाली की हिला पाठ कुठली आणि पोट कुठलं तेही कळत नाही. तेव्हा पुतणीने निकाल दिला. महिनाअखेरीस आईने घर बंद करायचं आणि तिच्याकडे राहायला यायचं.

‘मशीन बंद पडलं म्हणून पडले,’ वहिनी म्हणाली. ‘ते चालू झालं की मी कशाला पडते?’

‘ते चालू होणार नाही, आई.’

‘झालं तर?’

‘झालं तर राहा,’ पुतणी वैतागून म्हणाली. ती काही दुष्ट नव्हती. आई पडल्यापासून तिलाही झोप लागत नव्हती.

आणि मग वहिनीला बघायला आलेल्या ग्रंथपालांच्या तोंडून दोन शब्द निघाले. ‘मी बघतो.’ कुणाच्याही घरात, कुठल्याही बैठकीत ते आपण होऊन कधी बोलत नसत, त्यामुळे सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. वहिनीने त्यांना आयुष्यात कधी काही काम सांगितलं नव्हतं. सांगून उपयोग नाही, हे तिला त्यांच्या लहानपणीच कळलं होतं. तरी ती म्हणाली, ‘बघ बाबा.’

पहिल्या दिवशी ते उत्साहात होते. झाकण उघडलं, धुण्याच्या टबाच्या तळातली फिरणारी चकती काढली, चकतीखालचा गाळ आणि चिंध्या चिमट्याने उपसल्या, तिथं अडकलेला एक पार्ट काढून रॉकेलने चकचकीत पुसला. एवढं जमतंय म्हटल्यावर त्यांना चेव आला. खरं तर तिथंच थांबून एकदा बटण फिरवून बघायचं. पण विजेच्या मोटरीवरच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात लिहिलं होतं की दुरुस्तीपूर्वी यंत्र संपूर्ण उघडून स्वच्छ करावं. पुस्तकात लिहिलंय म्हटल्यावर ग्रंथपालांनी ते संपूर्ण उघडलं.

आणि उघडताना त्यांनी जे केलं ते जगात फक्त त्यांनाच सुचलं असतं. निघेल तो भाग त्यांनी वहीत चढवला आणि पाकिटात घातला. प्रत्येक पाकिटावर क्रमांक, विषय, उपविषय, नग. स्क्रू एकीकडे, त्यांतही आखूड, मध्यम, लांब. वॉशर वेगळे, नळ्या वेगळ्या, स्प्रिंगा वेगळ्या. छत्तीस पाकिटं झाली. न मावणारे भाग कपाटांवर ओळीने मांडले. अक्षर मोत्यासारखं. मशीनवरच्या कंपनीच्या नावाची पट्टीसुद्धा, पुस्तकाचं मुखपृष्ठ उतरवावं तशी, वहीच्या पहिल्या पानावर उतरवली.

एकोणिसाव्या दिवशी कोपऱ्यावरचा मेकॅनिक आला. त्याला बोलवायचा धीर ग्रंथपालांना होत नव्हता, सिस्टरनीच त्याला बोलावलं. त्याने एक पाकीट उघडलं, दुसरं उघडलं, मग खुर्ची ओढून बसला.

‘काका, हे स्क्रू तुम्ही उंचीप्रमाणे लावलेत.’

‘लांबीप्रमाणे,’ ग्रंथपालांनी दुरुस्ती केली.

‘आणि कुठला कुठं जातो?’

ग्रंथपालांनी वहीची पानं उलटली. उगाच उलटली, तिथं ते नाही हे त्यांना माहीत होतं. ‘ते नोंदवलेलं नाही,’ ते म्हणाले.

मेकॅनिकने कपाळावर हात मारला नाही, एवढंच. तो म्हणाला की त्याने जळलेली मशीनं पाहिली, उंदरांनी खाल्लेली पाहिली, गच्चीवरून पडलेलं एक पाहिलं. पण एवढी व्यवस्थित वाट लावलेलं मशीन तो पहिल्यांदाच बघत होता. काढताना मोबाइलवर फोटो काढायचे, शेंबडं पोरही काढतं, असंही म्हणाला. चहा प्यायला आणि गेला.

तो गेल्यावर ग्रंथपाल बराच वेळ छत्तीस पाकिटांसमोर बसून राहिले. लायब्ररीत पुस्तक कुठून आलं याला किंमत नसते. ते कशाबद्दल आहे हे बघायचं आणि त्याच्या भाईबंदांत नेऊन ठेवायचं. चौतीस वर्षं ते हेच करत आले होते आणि त्यांना कधी कुणी चूक म्हटलं नव्हतं. इथं मात्र कुठून आलं हेच सगळं होतं. एवढी साधी गोष्ट आपल्याला एकशे त्रेचाळीस वेळा हात चालवूनही सुचू नये, याचा त्यांना इतका संताप आला की त्यांनी स्प्रिंगांचं पाकीट उचलून टेबलावर आपटलं. मग ते फाटलं नाही ना हे तपासलं.

तेवढ्यात फोन वाजला. रोज दहा वाजता वाजायचा, वहिनीचा.

‘पुस्तक्या, कुठवर आलं माझं मशीन?’

मोटर साफ करून झाली आहे, असं त्यांनी सांगितलं.

‘साफ करून भिंतीवर टांगायचीय का? फिरते का ते सांग.’

अजून जोडायची आहे, पण स्क्रू लांबीप्रमाणे लावून ठेवलेत, ते म्हणाले. मग वहिनी आवाज खाली आणून म्हणाली की हिने बॅग काढून ठेवलीय आणि रोज चार कपडे भरतेय. ‘मी आपली ती बाहेर गेली की दोन काढून ठेवते,’ वहिनी म्हणाली. ‘पण ती भरते चार आणि मी काढते दोन. किती दिवस पुरणार, तूच हिशेब कर.’

फोन ठेवून वळले तर सिस्टर मागे उभ्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या आत गेल्या, पांढरी चादर घेऊन आल्या आणि ती जमिनीवर अंथरली.

‘उठा,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचं वाचन झालं. आता मी सांगते तसं करायचं आणि मध्ये पुस्तक काढायचं नाही.’

एकोणतीस वर्षं थिएटरमध्ये त्यांनी अवजारं मांडली होती. अवजार कुठल्या जातीचं आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. डॉक्टरांच्या हातात कधी द्यायचं आहे, त्या क्रमाने ते मांडायचं. इथं क्रम उलटा लावायचा होता, आतून बाहेर. त्यांनी मध्यम स्क्रूंचं पाकीट चादरीवर रिकामं केलं, चष्मा चढवला आणि एकेक उचलून बघायला लागल्या. ज्यांना गंज चढलाय ते खालचे, कारण पाणी खाली साठतं. ज्यांना काळं तेल लागलंय ते मोटरीजवळचे. डोक्यावर मळकट पांढऱ्या रंगाचा टवका आहे ते बाहेरच्या पत्र्याचे. वॉशर जिथं बसायचा तिथं पत्र्यावर त्याच मापाचं स्वच्छ वर्तुळ होतंच. ग्रंथपाल तोंड उघडं टाकून बघत राहिले. हे सगळं तिथं लिहिलेलंच होतं. त्यांनीच वाचलं नव्हतं, आणि आयुष्यभर त्यांना वाटत आलं होतं की आपल्याला दुसरं काही नाही तरी वाचता येतं.

तरीही सहा दिवस लागले, आणि ते काही गोडीगुलाबीचे नव्हते. ग्रंथपालांनी पट्टा उलटा चढवला. पाणी सोडायची नळी त्यांनी इतकी घट्ट दाबली की तिला चीर गेली आणि तशी दुसरी शोधायला सिस्टरना तीन दुकानं पालथी घालावी लागली. पिळायच्या टबाचा ब्रेक सहा वेळा बसवला आणि पाच वेळा निघाला. पाचव्यांदा कुणी हातही लावला नव्हता. डॉक्टरांनी ‘कात्री’ म्हणावं तशा सिस्टर ‘पकड’ म्हणत आणि हात पुढे करत, आणि ग्रंथपाल हमखास पाना देत. शेवटी त्या म्हणाल्या की थिएटरमध्ये असता तर पेशंट तुमच्या हातून वाचला असता, पण म्हातारा होऊन मेला असता.

अठ्ठावीस तारखेला सकाळी मशीन पुन्हा मशीनसारखं दिसायला लागलं. मागचा पत्रा तेवढा लावायचा राहिला होता. ग्रंथपालांचा हात वीज जोडायला गेला.

‘थांबा. मोजणी,’ सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी वही मागितली आणि बसवलेल्या आणि मागच्या पत्र्यासाठी बाजूला ठेवलेल्या प्रत्येक वस्तूवर खूण करत गेल्या. एकशे बेचाळीस. पुन्हा मोजलं. एकशे बेचाळीस.

‘एखादी वस्तू राहिली तर राहिली,’ ग्रंथपाल म्हणाले. त्यांना आता त्या मशीनचं तोंड बघवत नव्हतं. ‘परवा महिना संपतोय. लावून तर बघू.’

‘मोजणी जुळल्याशिवाय मी पोट शिवत नाही,’ सिस्टर म्हणाल्या. ‘जन्मात शिवलं नाही. शोधा काय राहिलंय ते.’ आणि त्या भाजी आणायला निघून गेल्या.

राहिलेलं पाकीट एकोणतीस क्रमांकाचं होतं. टेबलावर आपटलं होतं तेच. त्यातल्या बाकीच्या स्प्रिंगा लागल्या होत्या आणि एक उरली होती. वीतभर लांब, अर्धवर्तुळात वाकलेली, चपटी पोलादी तार, दोन्ही टोकं गोलसर. ती बघून मात्र ग्रंथपालांना हायसं वाटलं. सगळ्या मशीनमध्ये हा एकच भाग असा होता, ज्याची मूळ जागा त्यांना पक्की आठवत होती. पहिल्या दिवशी चकतीखाली अडकलेला तो हाच. त्यांनी खात्रीसाठी मेकॅनिकला फोन लावला. तो घाईत होता. जुन्या मशीनमध्ये काय काय असतं काका, असेल एखादी स्प्रिंग, जिथून काढली तिथं घाला, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

ग्रंथपालांनी चकती पुन्हा काढली. तार मधल्या दांड्याभोवती बसवून पाहिली. एका बाजूने बसायची, दुसऱ्या बाजूने उसळून वर यायची. स्क्रू-ड्रायव्हरने दाबून पाहिली, पुस्तकाच्या कोपऱ्याने दाबून पाहिली. घामाने चष्मा घसरत होता. सिस्टर भाजीची पिशवी घेऊन दारात आल्या तेव्हा ते डोक्यापर्यंत टबात वाकलेले होते आणि आतून पुटपुटत होते. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नसतील असे शब्द टबातून घुमून बाहेर येत होते.

‘काय करताय?’

ते वर आले आणि त्यांनी तार पुढे धरली. ‘ही. हिची जागा मला माहितेय, पण हीच बसत नाही.’

सिस्टरनी तार बघितली. पिशवी खाली ठेवली. मग खुर्चीवर बसल्या.

‘ही कुठं मिळाली तुम्हाला?’

‘चकतीखाली, दांड्यात गुंतलेली. पहिल्याच दिवशी काढली.’

‘अहो,’ सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज अगदी थकलेला होता, ‘ही मशीनची नाही. बायकांची आहे.’

ग्रंथपालांना कळलं नाही. मग सिस्टरनी, पेशंटच्या नातेवाइकांना सांगत तशा सरळ शब्दांत सांगितलं, की बायकांच्या आतल्या कपड्याला खालून आकार धरून ठेवायला अशी तार शिवलेली असते, आणि धुताना शिवण उसवली की ती निसटते. ग्रंथपालांचे कान तापले. त्यांनी तार चटकन टेबलावर ठेवली आणि हात लेंग्याला पुसले. ती तार त्यांनी रॉकेलने पुसून चमकवली होती, तिचं माप घेतलं होतं, वर सुरेख अक्षरात नोंद केली होती.

आणि मग दुसरी गोष्ट हळूहळू त्यांच्या डोक्यात उतरली.

‘म्हणजे हिच्यामुळेच...’

‘हिच्यामुळेच मशीन अडलं होतं. तुम्ही ती काढलीत तेव्हाच ते दुरुस्त झालं. पहिल्या दिवशी. वीस मिनिटांत.’ सिस्टरनी चष्मा काढला. ‘त्यानंतर आपण महिनाभर एक चांगलं मशीन मोडलं आणि जोडलं.’

मग सिस्टर उठल्या, वहीत एकशे त्रेचाळीस खोडून एकशे बेचाळीस केलं, चकती बसवली, मागचा पत्रा लावला, दोन बादल्या पाणी ओतलं आणि वीज जोडली. ग्रंथपालांनी बटण फिरवलं. टक, टक, टक. पाणी एकदम गरकन फिरलं आणि पुस्तकांच्या कपाटांच्या काचा थरथरायला लागल्या. महिनाभर ज्याची वाट बघितली ते घडत होतं, आणि ग्रंथपालांना आनंदापेक्षा स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

‘वहिनी असं काही वापरत नसेल,’ ते थोड्या वेळाने जमिनीकडे बघत म्हणाले.

‘ताई नाही वापरत,’ सिस्टर म्हणाल्या. ‘दर शनिवारी पिशवीभर कपडे कोण आणतं?’

तीस तारखेला मशीन वहिनीच्या घरी गेलं. तिथं दारात चपला काढतानाच दोघांना बॅग दिसली. भरलेली, चेन लावलेली, भिंतीशी उभी. वहिनी पलंगाच्या कडेवर बसली होती, मनगटाला पट्टी, आणि हमालांच्या पावलांच्या दिशेने मान वळवून ऐकत होती. मशीन जागेवर बसलं. पुतणीने नळी लावली, पाणी भरलं. वहिनी उठून भिंतीला हात लावत आली, बटण फिरवलं आणि कान देऊन उभी राहिली. पाणी फिरायला लागलं. तिने नुसता हात पत्र्यावर ठेवला, आणि पत्र्याबरोबर तो थरथरत राहिला.

पुतणीचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता. ‘काका, खरंच झालं हे?’ ती म्हणाली. ‘काय बिघडलं होतं?’

या प्रश्नाची ग्रंथपालांनी दोन दिवस तयारी केली होती. तरी त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या; मोजणी जुळली होती, त्यांची ड्यूटी संपली होती. मग ग्रंथपालांनी खिशातून एकोणतीस क्रमांकाचं पाकीट काढलं आणि भिंतीकडे बघत पुतणीच्या हातात दिलं. तिने उघडलं, आत बघितलं आणि पटकन मिटलं. तिचे कानसुद्धा काकांसारखेच तापतात, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

‘काय आहे?’ वहिनीने विचारलं.

‘काही नाही आई. एक तार अडकली होती.’

‘कसली तार? बघू.’ वहिनीने हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. पाकिटासकट द्यावीच लागली. तिने ती बोटांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

‘पुस्तक्या, पाकिटावर तू काहीतरी लिहिलं असशीलच. वाच.’

ग्रंथपालांना पळून जावंसं वाटलं. पण वहिनीने वाच म्हटलं की वाचायचं, ही नवव्या वर्षापासूनची सवय होती. ‘वक्र स्प्रिंग,’ त्यांनी पाकिटावरची तिची ओळ वाचली. ‘नग एक. कार्य अज्ञात.’

आधी सिस्टरना हसू फुटलं, खिडकीकडे तोंड करून. मग पुतणीला. वहिनी हसली नाही. तिने तार पुन्हा पाकिटात घातली, पाकीट मुलीच्या हातावर ठेवलं आणि भिंतीला धरत बॅगेपाशी गेली. चेन उघडली. वरचे सगळे कपडे कवेत घेऊन आली आणि एकेक टबात सोडायला लागली.

‘धुतलेले आहेत ते, आई.’

‘बॅगेत राहून वास लागलाय.’ तिने बटण फिरवलं. टक, टक, टक, टक, टक.

‘पाच कशाला? चादरी आहेत का त्यात?’

‘बॅगेत अजून पुष्कळ आहे,’ वहिनी म्हणाली. ‘तुला ती रिकामी करून सगळं कपाटात लावायला तेवढा वेळ लागेल. आणि लावताना काकांना विचारू नकोस. ते लांबीप्रमाणे लावतील.’